ब्रॉड स्ट्रीटचे पाणी

दिवाळीत आमच्या घरची पहिली पणती तुळशीपुढे लागत नसे. ती लागे परसातल्या आडाच्या काठावर. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आजी स्वतः तेलवात करी, पदराने वारा अडवीत आडापर्यंत जाई, पणती काठावरच्या कोनाड्यात ठेवी आणि हात जोडून बराच वेळ तशीच उभी राही. आम्हा पोरांना फटाक्यांची घाई; आजीचे आडाशी चाललेले हे मुके बोलणे आम्हाला मुळीच मानवत नसे. त्या आडाविषयी तिचा एक कडक नियमही होता. आडाजवळ कोणी धुणे धुवायचे नाही; त्यातही तान्ह्या मुलाची दुपटी-लंगोट तर नाहीच नाही. बाळंतपणाला आलेल्या आत्यांनासुद्धा परसाच्या पार टोकाला, चिंचेखाली, बादल्यांनी पाणी वाहून न्यावे लागे. त्या कुरकुरत, पण आजीपुढे कोणाचे चालत नसे.

त्यामागची हकीकत आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. आजीचे पहिले मूल, आठ महिन्यांचा मुलगा, पटकीच्या साथीत गेला. त्यानंतरच्या आठवड्यात वाड्यातली आणखी तीन माणसे गेली. गावाने मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार लोटला. मागून सरकारी माणूस आला आणि त्याने गावातल्या सगळ्या विहिरींत जांभळे औषध टाकले. त्या माणसाने आजीला काय विचारले आणि आजीने काय सांगितले, हे कोणालाच ठाऊक नाही. आडाचा नियम मात्र तेव्हापासूनचा.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. ती एकदम आठवली ती लंडनमध्ये, एका दांडा नसलेल्या पंपापुढे उभा असताना.

लेकीकडे गेलो होतो. सोहो नावाच्या गजबजलेल्या भागात ब्रॉडविक स्ट्रीट म्हणून एक रस्ता आहे. १९३६ पर्यंत त्याचे नाव ब्रॉड स्ट्रीट असे होते. तेथे एक काळा पंप उभा केला आहे. त्याला दांडा नाही. मुद्दामच बसवलेला नाही. खऱ्या जुन्या पंपाची जागा थोडी पलीकडे, पदपथाच्या कडेला बसवलेल्या तांबूस दगडाने दाखवली आहे. शेजारीच डॉक्टर जॉन स्नो यांच्या नावाचे मद्यगृह आहे. मौज अशी की, हे डॉक्टर दारूला शिवत नसत! पटकी पाण्यातून पसरते, हे त्यांनी याच रस्त्यावर सिद्ध केले, एवढे आपल्याकडचा वैद्यकाचा विद्यार्थीही सांगतो. पण या कथेत दुसराही एक माणूस आहे, आणि तो डॉक्टर नव्हता. तो या वस्तीतला एक तरुण पाद्री होता. वाचकहो, आज सांगायची आहे ती मुख्यतः त्याची गोष्ट.

परंतु त्याआधी पटकीचा प्रवास थोडक्यात पाहायला हवा, कारण तो आपल्याच देशातून सुरू झाला. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरकडे मोठी साथ उसळली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, इकडे खडकीला पेशवाईचा शेवटचा डाव मांडला जात होता, तेव्हा तिकडे बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत या रोगाने हाहाकार उडवला. हजारो माणसे छावणीत आणि वाटेवर पडली. १८१८ मध्ये साथ मुंबईला पोचली. पुढे तांड्यांच्या, सैन्यांच्या आणि जहाजांच्या पावलांनी चालत चालत १८३१ साली ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली.

आपल्या खेड्यांनी मरीआईचा गाडा ओढला, तसे इंग्लंडने काय केले? त्यांनी उपास केला. १८३२ च्या मार्चमध्ये सरकारी फर्मानाने साऱ्या राष्ट्राने एक दिवस उपवास आणि प्रार्थना केली. रोग म्हणजे पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा, मग त्याच्याच पायाशी लोळण घ्यायला हवी, असा सरळ हिशेब होता. त्याला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

पण त्याच धर्माच्या पोटात हळूहळू दुसरा विचार जागा होत होता. १८४९ च्या साथीत चार्ल्स किंग्जली या पाद्र्याने आपल्या खेड्यातल्या चर्चमध्ये पटकीवर प्रवचने दिली. त्यांचे सार असे, की देवाने सृष्टीला नियम घालून दिले आहेत. घाणीत राहणे आणि गरिबांना घाणीत ठेवणे हाच त्या नियमांचा भंग. तो चालू ठेवून नुसती करुणा भाकणे व्यर्थ. किंग्जली बोलून थांबला नाही. लंडनच्या बर्मंडसी भागात जेकब्स आयलंड नावाची वस्ती होती. तेथे घरांचे संडास ज्या ओहोळावर लोंबत, त्याच ओहोळातून बायका पिण्याचे पाणी शेंदून काढत. किंग्जली आपल्या मित्रांसह तेथे गेला आणि त्यांनी चांगल्या पाण्याच्या गाड्या त्या वस्तीत पोचवण्याची खटपट केली. पुढे मुलांसाठी ‘द वॉटर बेबीज’ लिहिणारा तो हाच.

१८५३ मध्ये पटकी पुन्हा आली, तेव्हा एडिंबरोच्या धर्मगुरूंनी गृहमंत्री लॉर्ड पामरस्टन यांना विचारले, राष्ट्रीय उपासाचा दिवस केव्हा जाहीर करणार? पामरस्टननी उत्तर धाडले, की आधी आपल्या शहरातल्या गरिबांच्या गल्ल्या आणि घरे साफ करा. ती केली नाहीत, तर सारे राष्ट्र उपाशी राहिले तरी साथ येईलच. पुष्कळ भाविकांना हे उत्तर उद्धट वाटले. आणि त्यानंतर वर्षही पुरते उलटले नाही तोच ब्रॉड स्ट्रीटची गोष्ट घडली.

सोहो ही तेव्हा शिंपी, मोची, फुटकळ कारागीर यांची दाट वस्ती. एकेका घरात मजल्यागणिक बिऱ्हाडे. तेथल्या सेंट ल्यूक चर्चमध्ये हेन्री व्हाइटहेड हा सहायक पाद्री होता. वय अठ्ठावीस, ऑक्सफर्डला शिकलेला, गप्पांची आवड, आणि वस्तीतल्या घराघरात जाणेयेणे. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री या वस्तीवर घाला पडला. पहिल्या तीन दिवसांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास १२७ माणसे मेली. सहा दिवसांच्या आत मुख्य रस्त्यांवरचे तीन चतुर्थांशांहून अधिक लोक घरेदारे टाकून पळाले. साथ संपेतो सहाशेंवर बळी गेले होते. एकट्या ब्रॉड स्ट्रीटच्या ८९६ रहिवाशांपैकी ९० गेले.

व्हाइटहेड पळाला नाही. तो रात्रंदिवस या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात फिरत राहिला. ज्याच्याशी सकाळी बोलावे, त्याच्या उशाशी संध्याकाळी शेवटची प्रार्थना म्हणावी, असे ते दिवस होते. अशाच एका थकलेल्या रात्री त्याने थोड्या ब्रँडीत पाणी घालून घेतले. ते पाणी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे होते! त्याला काही झाले नाही. त्या पंपाचे पाणी गार आणि चवदार म्हणून नावाजलेले होते. दुसरा पंप जवळ असला तरी लोक मुद्दाम या पंपावर येत.

डॉक्टर जॉन स्नो जवळच राहत. यॉर्कच्या एका कोळसा-आवारातल्या मजुराचा हा मुलगा भूल देण्याच्या विद्येत इतका निष्णात झाला होता, की १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यालाच बोलावले गेले. पटकी दूषित हवेतून येते, असे तेव्हाचे बहुतेक सगळे शहाणे लोक, सरकारी आरोग्य मंडळासह, मानत. ती रोग्याच्या मळातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जाते, असे स्नोने १८४९ सालीच लिहिले होते. पण ऐकतो कोण?

आता स्नोने मृत्यूंची यादी मिळवली आणि पत्ते पाहिले. जवळजवळ सगळी मरणे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती. पोलंड स्ट्रीटवरच्या गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसे होती, मेली फक्त पाच. आश्रमाला स्वतःची विहीर होती. रस्त्यातच बीअरचा एक कारखाना होता. तेथल्या सत्तरएक कामगारांत पटकीने कोणीच मेले नाही. कारखान्याची विहीर वेगळी होती, आणि मालक म्हणाला की माझी माणसे मुळी पाणी पीतच नाहीत! उलट बंदुकीच्या केपा बनवणाऱ्या कारखान्यात पंपाचे पाणी टाक्यांत भरून ठेवलेले असे. तेथले अठरा कामगार गेले. त्या कारखानदारांची विधवा आई दूर हॅम्पस्टेडला राहायला गेली होती. पण तिला जुन्या पंपाच्या पाण्याची चव सुटेना. मुलगे रोज गाडीतून एक बाटली भरून पाठवत. ते पाणी तिने प्यायले, भेटीला आलेल्या पुतणीने प्यायले, दोघीही गेल्या. त्या भागात दुसऱ्या कोणालाही पटकी नव्हती. आईच्या आवडीचे पाणी मुलांनी आठवणीने पाठवावे आणि त्यानेच ती जावी!

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो पॅरिशच्या कारभाऱ्यांपुढे उभा राहिला. त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला असे नाही, पण ते पुरते हवालदिल झाले होते. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, पंपाचा दांडा काढला गेला.

लोककथा येथेच संपते. दांडा निघाला, साथ थांबली, जयजयकार झाला. खरा इतिहास असा गुळगुळीत नसतो. साथ आधीच ओसरू लागली होती, त्यामुळे दांड्याने काही सिद्ध झाले असे कोणी मानले नाही. वस्तीतल्या पुष्कळांना तो खुळेपणा वाटला, आणि त्यांत आमचा पाद्रीही होता. व्हाइटहेडने तर स्वतःच्या डोळ्यांनी या पंपाचे भरपूर पाणी पिऊन बरे झालेले रोगी पाहिले होते. आपल्या माणसांच्या आवडत्या पंपावर हा डॉक्टर उगाच आळ घेतो आहे, असे त्याचे प्रामाणिक मत होते. नोव्हेंबरात पॅरिशने चौकशी समिती नेमली. स्नो आणि व्हाइटहेड दोघेही तिच्यात होते. ब्रॉड स्ट्रीटची घरोघर चौकशी व्हाइटहेडने अंगावर घेतली. स्नोचे म्हणणे खोडून निघेल याची त्याला खात्री होती.

आणि येथे डॉक्टरापाशी नसलेली एक गोष्ट पाद्र्यापाशी होती. स्नोकडे मेलेल्यांची यादी होती. व्हाइटहेडची जिवंत माणसांशी ओळख होती. कोण पळून कोठे गेले, कोणाची आई कोणाकडे राहते, कोणाच्या घरी पाणी कोण भरते, हे त्याला ठाऊक होते. नसेल तर विचारता येत होते. साथीच्या रात्री जो माणूस उशाशी बसला होता, त्याच्यापुढे दार कोण लावून घेणार? तो एकेका घरी चार-चार, पाच-पाच वेळा गेला. वस्ती सोडून गेलेल्यांचा माग काढत गेला. प्रश्न साधा होता: त्या दिवसांत तुम्ही कोणते पाणी प्यायलात? पहिल्यांदा ‘नाही’ म्हणणारी म्हातारी तिसऱ्या भेटीत आठवून सांगे, की हो, नातीने त्या दिवशी घडा भरून आणला होता खरा.

अशा रीतीने त्याने सुमारे ५०० रहिवाशांची माहिती गोळा केली. हिशेब मांडला तेव्हा त्याच्या मनाविरुद्ध उत्तर आले. पंपाचे पाणी प्यालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक आजारी पडले होते. न प्यालेल्यांत दहांतून एखादाच. घाणेरडी घरे वाचली होती आणि नीटनेटक्या घरांतून प्रेते निघाली होती, त्यामुळे हवेची आणि अस्वच्छ सवयींची सबबही टिकेना. व्हाइटहेडला हे पटायला वेळ लागला आणि ते पटताना आनंद झाला नाही. पण आकडे लपवावेत किंवा वळवावेत असे त्याच्या मनात आले नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा तो दर रविवारी लोकांना सांगत असे. आता ती त्याच्यावरच येऊन ठेपली होती.

तरी एक गाठ उरली. पंपाच्या पाण्यात विष आले कोठून? नोव्हेंबरात विहीर आत उतरून तपासली होती. दोष दिसला नव्हता. १८५५ च्या वसंतात व्हाइटहेड मृत्यूंची नोंदवही चाळत असताना त्याची नजर एका ओळीवर थांबली. ४०, ब्रॉड स्ट्रीट. पाच महिन्यांची मुलगी. मृत्यू २ सप्टेंबरला. कारण, चार दिवस आधी झालेल्या अतिसारानंतरची ग्लानी. चार दिवस आधी! म्हणजे साथ भडकण्यापूर्वी. आणि चाळीस नंबरचे घर तर पंपाला अगदी लागून.

तो तडक त्या घरी गेला. मुलीचा बाप लुईस हा पोलीस शिपाई, तोही साथीत गेलेला. घरात तिची आई होती. व्हाइटहेडने विचारले, आणि तिने जे झाले ते सांगितले. मूल २८ ऑगस्टला आजारी पडले. दुपटी बादलीत भिजवून तिने धुतली आणि ते पाणी घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले. समितीने ताबडतोब तेथली जमीन खणवली. खड्ड्याच्या भिंतीच्या विटा सुटून हाताशी येत होत्या. खड्डा आणि विहीर यांच्यात तीन फुटांचेही अंतर नव्हते. मधली माती पाझरून चिंब झालेली.

आणखी एक गोष्ट तेव्हाच उघड झाली. मुलीचा बाप आजारी पडला तो ८ सप्टेंबरला, म्हणजे नेमका दांडा काढला त्याच दिवशी. तो १९ सप्टेंबरला वारला. त्या अकरा दिवसांत त्याच्या आजारपणातले पाणीही त्याच खड्ड्यात जात होते. पंप चालू असता तर सोहोवर दुसरा घाला पडण्याचा धोका उघड होता. ज्याला लोक हसले, त्या दांड्याने ते संकट टाळले. आणि हे कळले ते पाद्र्याच्या वहीमुळे.

त्या आईच्या घरी व्हाइटहेड किती वेळ बसला असेल, काय बोलला असेल, हे माझ्या मनात पुनःपुन्हा येते. बाळ गेलेले, नवरा गेलेला, आणि समोर पाद्री विचारतो आहे, की बाई, दुपट्यांचे पाणी कोठे टाकलेत? अशा प्रश्नाला दोनच माणसे खरे उत्तर मिळवू शकतात. एक, ज्याच्या हातात काठी आहे तो, आणि दुसरा, ज्याच्या मनात दोष देण्याचा विचारच नाही तो. तिच्या उत्तराचे मोल शास्त्राच्या इतिहासात फार मोठे आहे. तिने तान्ह्या लेकराची सेवा केली, प्रत्येक आई करते तशी. गुन्हा असेल तर तो सुटलेल्या विटांचा आणि त्या तशाच ठेवणाऱ्या शहराचा होता.

पुढची कथा थोडक्यात. सरकारी आरोग्य मंडळाने तेव्हाही स्नोचे मत फेटाळले. स्नो १८५८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. जगाची मान्यता त्याने पाहिली नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचे जंतू रोग्यांत आणि तळ्याच्या पाण्यातही दाखवले, तेव्हा हवेवाल्यांची बोलती बंद होऊ लागली. व्हाइटहेड १८९६ पर्यंत जगला. १८६५ मध्ये त्याने त्या साथीची हकीकत एका मासिकात लिहिली. त्याच्या अभ्यासिकेत स्नोचे चित्र असे. ज्याला खोटे पाडायला निघालो, त्याचेच चित्र आपल्या भिंतीवर लावणे सर्वांनाच जमत नाही.

ख्रिस्ती धर्मात पाण्याला मोठे स्थान आहे. बाप्तिस्मा पाण्याने, तहानलेल्याला दिलेल्या गार पाण्याच्या पेल्याचेही पुण्य सांगितलेले, आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची ती कथा, जिच्या जातीच्या हातचे पाणी यहुदी लोक घेत नसत आणि येशूने मात्र ते मागितले. महाडचे चवदार तळे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला ही कथा समजावून सांगायला नको. पण पाणी पवित्र मानणे निराळे आणि ते स्वच्छ राखणे निराळे. गंगेकाठच्या आपल्याला हे कोणी सांगावे? व्हाइटहेडने ही दोन टोके जोडली. शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणजे काय, तर त्याच्या विहिरीची चौकशी कर, एवढा साधा अर्थ त्याने लावला.

हा वारसा आपल्या महाराष्ट्रातही चालला आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना आपण मराठी लेखक म्हणून ओळखतो. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण वसईकरांना ते आणखी एका गोष्टीसाठी आठवतात. टँकरवाले जमिनीतले पाणी उपसून नेऊ लागले आणि बागाइतीतल्या गोड विहिरी खाऱ्या होण्याची भीती उभी राहिली, तेव्हा हरित वसईच्या लढ्यात हे धर्मगुरू लोकांपुढे उभे राहिले. त्या चळवळीत नुसते ख्रिस्ती नव्हते. विहीर खारी होताना घरमालकाचा धर्म विचारत नाही. २०२४ मध्ये फादर गेले.

लंडनच्या त्या पंपापुढे मी उभा होतो, तेव्हा लेकीने विचारले, “बाबा, एवढं काय बघताय? नुसता लोखंडाचा खांब तर आहे.” मी तिला आजीचा आड सांगितला. तो सरकारी माणूस, त्याचे जांभळे औषध, आणि त्याने आजीला विचारलेला तो प्रश्न, जो आता मला ऐकू येत होता. आजीला कोणी पाद्री भेटला नव्हता, समितीही नव्हती. तिने आपली चौकशी आपणच केली, स्वतःलाच उत्तर दिले आणि पुढची पन्नास वर्षे त्या आडाजवळ एकही दुपटे धुऊ दिले नाही. वाड्यात पुन्हा पटकी शिरली नाही. धनत्रयोदशीची ती पणती आडाच्या पूजेची आहे, असे आम्ही समजत होतो. मला वाटते, ती त्या चौघांसाठी होती.

आता गावी नळ आला आहे. आड बुजवला नाही, पण त्याचे पाणी कोणी पीत नाही. यंदा दिवाळीला लेक येणार आहे. तिने फोनवर मला सांगून ठेवले आहे, की पहिली पणती मी लावणार, आणि ती कोठे ठेवायची ते मला माहीत आहे.